वाट पाहण्याचा रकाना

कानातलं यंत्र टिकटिकलं आणि बाईंनी रकान्यात ‘व’ लिहिला. लागोपाठ सातवा. दर दोन मिनिटांनी ते यंत्र वाजायचं, आणि वाजलं की निवडलेलं मूल त्या क्षणी काय करतंय ते एका अक्षरात नोंदवायचं, असा नव्या निरीक्षणाचा नियम होता. खेळत असेल तर ‘खे’, बोलत असेल तर ‘बो’, ऐकत असेल तर ‘ऐ’, नुसतं वाट पाहत असेल तर ‘व’. सरकारी बालवाड्या सुधारायच्या म्हणून खात्याने हे पत्रक काढलं होतं, आणि जुन्याजाणत्या पर्यवेक्षिका म्हणून बाईंना ते भरायला धाडलं होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते. कोपऱ्यातल्या वीतभर खुर्चीवर गुडघे जवळजवळ हनुवटीला लावून त्या सकाळपासून बसल्या होत्या. आज निवडलेलं मूल म्हणजे साडेचार वर्षांची एक मुलगी. वयाच्या मानाने ताडमाड, म्हणून वर्गात तिला सगळे शिडी म्हणायचे. हात धुवायची रांग उंचीप्रमाणे लागायची, बुटके पुढे नि उंच मागे, त्यामुळे शिडी रोजच शेवटची. नळ एकच होता. वेळ वाचावा म्हणून मदतनीस मावशींनी आधीच सगळ्यांच्या तळव्यांवर साबणाचं एकेक बोट टेकवून ठेवलं होतं. शिडीच्या पुढे चोवीस पोरं होती. ती दोन्ही तळवे वर करून उभी राहिली, मग एका पायावर उभी राहिली, मग दुसऱ्या, मग पुढच्या मुलाच्या मानेवरचा तीळ मोजला, तो एकच निघाला. शेवटी रांग सोडून सरळ बाईंपाशी आली आणि तळवे त्यांच्या नाकासमोर धरले. साबण वाळून त्याचे पांढरे पापुद्रे सुटत होते. “सुकला,” ती म्हणाली. निरीक्षकाने मुलांशी बोलायचं नसतं, म्हणून बाईंनी नजर पत्रकावर वळवली. शिडीने त्यांना जरा निरखलं. एवढं मोठं माणूस, एवढ्याशा खुर्चीवर, इतका वेळ, काही न करता. मग तिने अगदी आपुलकीने विचारलं, “तू कोणाची वाट बघतेस?”

यंत्र वाजलं. बाईंच्या हातातलं पेन हललं नाही. जिना उतरताना अंधारात एक पायरी जास्त धरावी आणि पाय हवेतच पडावा, तसं काहीतरी त्यांच्या आत झालं. “रांगेत जा बाळा,” बालवाडीच्या ताईने नळापासून हाक दिली, “हाताची घडी, तोंडावर बोट!” आणि शिडीने साबणाचे हात तसेच घडीत दाबले, एक पांढरं बोट ओठांवर ठेवलं, आणि गेली. वर्गातला आवाज हळूहळू बाईंपासून दूर जायला लागला. खिडकीवर उन्हासाठी हिरवं कापड लावलेलं होतं, त्यातून गाळून आलेला उजेड फरशीवर, पोरांच्या केसांवर, भिंतीवर पाण्यासारखा हलत होता, आणि बाईंना वाटलं आपण एखाद्या हौदाच्या तळाशी बसलोय, वर कुठेतरी लोक बोलताहेत. त्या हिरव्या पाण्यातून त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे प्लास्टिकमध्ये मढवलेलं दिवसाचं वेळापत्रक होतं. सव्वानऊ: रांगेत प्रवेश. साडेनऊ: हाताची घडी, गाणं. दहा: रांगेत लघवीला. दहा वीस: रांगेत हात धुणे. तीनशे बारा केंद्रांत हाच कागद, ह्याच जागी. बाईंनी तो हजारदा पाहिला होता, म्हणजे कित्येक वर्षांत पाहिलाच नव्हता. प्रतीवरून प्रत काढून काढून अक्षरं झिजली होती, काही काने उडाले होते, एक वेलांटी पार हवेत गेली होती. पण ‘ळ’ची ती शेपटी, खाली येऊन मागे वळणारी, जणू काही विसरलं म्हणून परत फिरणारी, ती त्यांना सोडून जगात दुसरं कोणी काढत नव्हतं. अक्षर त्यांचं होतं. तेवीस वर्षांपूर्वीचं.

तेव्हा त्या स्वतःच बालवाडीच्या ताई होत्या. केस काळेभोर, आवाज खणखणीत, बोलायला लागल्या की समोरच्याची पंचाईत. पत्र्याची लांबट खोली, अडतीस मुलं, मदतनीस त्या दिवशी तापाने आली नव्हती. रांगबिंग काही नसायची. कोणी मातीत, कोणी ठोकळ्यांत, कोणी खिडकीच्या गजांत पाय अडकवून जगाची पाहणी करतंय. त्यांना ते आवडायचं. घरी जाताना त्यांचा पदर सात ठिकाणी रंगलेला असायचा नि त्या तो तसाच मिरवत जायच्या. त्या अडतिसांत एक चिमटी होती. तीन-साडेतीन वर्षांची, हाडापेराने इतकी किरकोळ की चिमटीत धरून उचलावी. दहा वाजून वीस मिनिटांनी एका पोराच्या नाकातून रक्त यायला लागलं म्हणून बाई त्याला मांडीवर आडवं घेऊन बसल्या. रक्त थांबलं, मान वर केली, आणि खोलीत काहीतरी कमी होतं. मोजलं. सदतीस. पुन्हा मोजलं. दार उघडं होतं. दारातून ऊन आत आलेलं होतं, चौकोनी, स्वच्छ, आणि त्यात कोणी नव्हतं.

पुढचा दीड तास त्यांच्या आयुष्यात कधी सलग राहिलाच नाही. त्याचे नुसते तुकडे राहिले. शेजारच्या शिंप्याला मुलांजवळ बसवलं तेव्हा त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. विहिरीचं झाकण. नाला. नाल्यात एक चप्पल, पण ती मोठ्या माणसाची. चिमटीची आई कामावर होती आणि तिला सांगायला कोणी गेलं नव्हतं, आणि कोणी जाऊ नये म्हणून बाई मनात हात जोडत होत्या. बारा वाजायला आले तेव्हा बसच्या थांब्यापलीकडे, लाकडाच्या वखारीत, फळ्यांच्या चळतीवर चिमटी बसलेली सापडली. पाय खाली सोडलेले. केसांत लाकडाचे कुरळे ढलपे. समोर एक म्हातारा सुतार रंधा मारत होता आणि रंध्याच्या तोंडातून ढलपा लांब, पातळ, गुलाबी असा वळत वळत बाहेर येत होता. सुतार म्हणाला, “मी विचारलं हो, कोणाची गं तू? तर म्हणाली, बघतेय. दोनदा विचारलं. म्हणाली, बघतेय ना. मग म्हटलं बघ बाई.” बाईंनी चिमटीला फळ्यांवरून खाली घेतलं, छातीशी धरलं, आणि मग तिला जमिनीवर उभी करून तिच्या गालात मारली.

हे कुठल्याच अहवालात नव्हतं. सुताराने पाहिलं, त्याने मान फिरवली आणि पुन्हा रंधा मारायला लागला. चिमटी रडली नाही. तिने गालाला हात लावला आणि ती बाईंकडे पाहत राहिली, त्या रंध्याकडे पाहत होती तशीच, हे कसं चालतं ते समजून घ्यायचं असल्यासारखी. त्याच संध्याकाळी बाईंनी चार ताव घेतले, पट्टीने रेघा मारल्या आणि दिवसातल्या प्रत्येक मिनिटाला एकेक पोर कुठे असेल ते लिहून काढलं. एकमेकांच्या मागे उभी असतील तर मोजता येतात. बोट तोंडावर असेल तर हात दाराच्या कडीपर्यंत जात नाही. पुढे कोणा वरिष्ठांनी तो कागद पाहिला, “वा, याला म्हणतात शिस्त,” असं म्हणून तो सगळीकडे पाठवला, बाईंना पर्यवेक्षिका केलं. तेव्हापासून एकाही केंद्रातून एकही मूल हरवलं नव्हतं. निरोपसमारंभात कोणीतरी हे नक्की सांगणार होतं.

आता हिरव्या पाण्याखाली बसून त्यांना जे आठवलं ते मात्र इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. त्यानंतरचे चार-पाच दिवस. चिमटी रोज आल्या आल्या त्यांच्यापाशी यायची नि सांगायला लागायची, “बाई, ते ना, आतून निघतं. लाकडाच्या आतून. मोठ्ठं, आणि मग…” आणि बाई म्हणायच्या, तोंडावर बोट. ती बोट ठेवायची. बोटाच्या दोन्ही बाजूंनी तिचे ओठ हलत असायचे. मग पाचव्या की सहाव्या दिवशी हलेनासे झाले. त्या दिवशी चिमटी हरवली नव्हती. वाट पाहण्याचा तिला कंटाळा आला असेल नि ती एका वाटेने निघाली असेल, आणि त्या वाटेच्या टोकाला तिला कोणीतरी बसू दिलं होतं. सबंध गावात भीती फक्त बाईंच्या पोटात होती. तीच त्यांनी रेघा मारून, मढवून तीनशे बारा भिंतींवर लावली होती.

साडेबाराला मुलं घरी गेली. शेवटचं पोर पोचतं झालं तसे ताईचे खांदे खाली आले. सात महिन्यांपूर्वी कंत्राटावर लागलेली, पंचविशीतली मुलगी. पाण्याचा पेला घेऊन ती बाईंसमोर फरशीवरच बसली. “बाई, माझं काही चुकलं का?”

“का गं?”

“तुम्ही सारखं लिहीत होतात. लोक म्हणतात, ज्यांचे गुण कमी येतील त्यांना पुढच्या वर्षी घेणार नाहीत.” तिने पेला दोन्ही हातांनी फिरवला. “मी वेळापत्रक सोडून एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही हो. हवं तर मावशींना विचारा.”

“मी कशाला खोटं बोलू,” झाडू मारता मारता मावशी म्हणाल्या. “घड्याळ पुढेमागे होईल, ताई व्हायच्या नाहीत. एखाद्या पोराशी दोन शब्द बोलायला गेल्या तर मीच सांगते, ताई, दहा वीस झाले!”

“बोलावंसं वाटतं का तुला?” बाईंनी विचारलं.

ताई जरा घाबरली. हा परीक्षेतला प्रश्न आहे की साधा, ते तिला कळेना. “वाटतं,” ती हळूच म्हणाली. “त्या शिडीला खूप काही सांगायचं असतं. पण ती रांगेत शेवटी. तिच्यापर्यंत पोचेपर्यंत वेळ संपतो.”

बाईंनी पत्रकाची बेरीज केली. नव्वद वेळा यंत्र वाजलं होतं. त्यांतले सदतीस ‘व’. म्हणजे तीन तासांतला सव्वा तास ते पोर नळाची, वाटीची, पाळीची, परवानगीची वाट पाहत उभं होतं. पत्रकाच्या तळाशी श्रेणीचा चौकोन होता आणि कोष्टकाप्रमाणे तिथे ‘क’ लिहायला हवा होता. ‘क’ म्हणजे ताईची सुट्टी. चौकोन रिकामा ठेवून बाईंनी कागद पिशवीत घातला आणि त्या उठल्या. गुडघे कडाकडा वाजले. “बाई, तेल लावत जा,” मावशी म्हणाल्या, “माझ्यासारखे बिजागरीतून निसटायचे.”

त्या बसने जायच्या ऐवजी चालत निघाल्या. आपण कुठे चाललोय ते त्यांनी स्वतःला सांगितलं नव्हतं, पायांना मात्र ठाऊक असावं. दुपारची वेळ. दुकानांचे अर्धे पडदे खाली, फुटपाथवर सावल्यांच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांवरून चालताना बाईंना आपण फार हलके झालोत असं वाटत होतं, जणू सकाळी त्या खुर्चीवर आपल्यातलं बरंचसं ठेवून आलोय. बसथांब्यापलीकडे वखार नव्हती. तिथे तीन मजली इमारत होती, खाली टायरांचं दुकान. काळी गोल टायरं एकावर एक रचलेली. बाई दुकानासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी नाकाने खोल श्वास घेतला. रबराचा वास आला. पुन्हा घेतला. लाकडाचा वास येईल असं त्यांना खरंच वाटलं होतं की काय कोण जाणे. “मावशी, कुठलं टायर बघताय?” दुकानातल्या माणसाने विचारलं. बाईंच्या तोंडून निघून गेलं, “काही नाही. बघतेय.” आणि बोलल्यावर त्यांचा हात आपल्याच गालाकडे गेला. माणसाने स्टूल पुढे सरकवलं. “बसा की मग. ऊन फार आहे.” त्या बसल्या. किती वेळ बसल्या त्यांना कळलं नाही. कानात यंत्र नव्हतं, काळाचे तुकडे पडत नव्हते, तो नुसता वाहत होता. चिमटी आता सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. ती कुठे गेली, काय झाली, हे बाईंना माहीत नव्हतं. आणि चौकशी करून, तिला गाठून, तिच्यासमोर रडून मोकळं व्हायचं, हा विचार मनात आला तसा त्यांनी तो झटकला. एवढं सोपं नको. तिला ते आठवतही नसेल, किंवा आठवत असेल. दोन्हीपैकी काहीही असलं तरी हे ओझं पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवायचं काय कारण?

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, थप्पडसुद्धा. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. तो एसटीच्या गोदामात भांडारपाल होता, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि आता शब्दकोड्यांवर जगत होता. त्याने पेन्सिल कानावर खोचली.

“मग? आता काय करायचं म्हणतेस?”

“श्रेणीच्या चौकोनात काय लिहू?”

“‘ब’ लिही. पोरीची नोकरी वाचेल, तुझी इज्जत वाचेल. चार महिने राहिलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि मुलं?”

“मुलं काय, ती उभी राहतील. आपण नाही राहिलो?” हे बोलून तो स्वतःच थांबला. चहावर साय धरली. मग वर न पाहता म्हणाला, “आमच्या शाळेत पाटीवर पाणी मारायला रांग असायची. मी सुद्धा उंच होतो. माझी पाटी कधी ओली झालीच नाही. थुंकीने पुसायचो आणि मार खायचो.” पेन्सिल कानावरून काढून त्याने ती उगाचच कपबशीत ठेवली. “लिही तुला काय लिहायचं ते. माझ्या म्हणण्याकडे लक्ष देऊ नकोस. मला हल्ली आडवे-उभे शब्दच तेवढे जमतात.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी पत्रक कार्यालयातल्या मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मॅडम तरुण होत्या, हुशार होत्या, आणि त्यांच्या टेबलावर अशी दोनशे पत्रकं होती. त्यांनी सरळ खालचा चौकोन पाहिला. तिथे श्रेणी नव्हती. शेऱ्याच्या जागेत, मागे वळणाऱ्या शेपटीच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘ताईने वेळापत्रक तंतोतंत पाळले. वेळापत्रक चुकीचे आहे. ते मी केले आहे.’ खाली सही.

“हे काय, बाई?”

“खरं ते.”

“अहो, कुणी केलं हा प्रश्नच नाही. संगणक श्रेणी मागतो. रिकामं ठेवलं तर तो पुढेच जात नाही.”

“मग त्यालाही जरा उभं राहू दे,” बाई म्हणाल्या. आपण असं बोललो याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. मॅडमना हसू आलं, त्यांनी ते आवरलं, आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकवली. मग बाईंनी सांगितलं. नाकातलं रक्त, उघडं दार, नाल्यातली चप्पल, रंधा. थप्पडीपाशी आल्यावर त्यांनी नुसता आपला उजवा हात टेबलावर उताणा ठेवला, जणू तोच सांगेल. मॅडम त्या हाताकडे पाहत राहिल्या. पंखा फिरत होता आणि दोनशे पत्रकांचे कोपरे उचलले जात होते, पडत होते, उचलले जात होते.

“तुम्हाला काय हवंय?” मॅडमनी विचारलं.

“एका केंद्रात महिनाभर रांग नको. ज्याला तहान लागेल तो पाणी पिईल, ज्याला लागेल तो जाईल. ताईने मुलांशी बोलायचं. आणि दाराशी एक माणूस हवा.”

“दाराशी माणूस? बाई, तसं पद मंजूर नाही.”

“ठाऊक आहे. तेवीस वर्षं नाहीये. म्हणून तर रांग आहे.” बाईंनी हात मागे घेतला. “मी बसते.”

“पर्यवेक्षिका दाराशी बसणार? लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, म्हातारीला बढती मिळाली.”

मॅडमनी लेखी आदेश दिला नाही, पण नकारही दिला नाही. ‘महिनाभर फेरनिरीक्षणासाठी प्रलंबित’ असा शेरा मारून त्यांनी ताईचं पत्रक गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सरकवलं. त्यांच्या हातात तेवढंच होतं आणि तेवढं त्यांनी केलं. बाई उठल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “पण एक मूल जरी बाहेर गेलं ना, बाई…” पुढचं त्या बोलल्या नाहीत. बाईंना ते पाठ होतं.

पहिला दिवस म्हणजे निव्वळ धिंगाणा. पोरांना वाटलं सुट्टीच लागली. दोन बादल्या उलट्या झाल्या, एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर माती घातली, सहा जणांना एकदम लागली आणि त्यांतल्या एकाला वेळेवर कळलंच नाही. ताई खोलीच्या मधोमध उभी, हात उचलत होती नि खाली घेत होती. ‘तोंडावर बोट’ हे शब्द ओठांपर्यंत यायचे आणि ती ते गिळायची. मावशी पुसणं पिळत म्हणाल्या, “बाई, तुमचं वय झालं, कबूल. पण माझंही झालंय हो!” बाईंनी दाराशी बाक आडवा लावला होता आणि त्यावर त्या घामाघूम होऊन बसल्या होत्या. दर थोड्या वेळाने त्यांच्या आत ते जुनं मोजणं सुरू व्हायचं, एक, दोन, तीन, आणि चोवीसच्या पुढे पंचविसावं सापडेपर्यंत त्या बाकावरून अर्ध्या उठलेल्या असायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून वेळापत्रकाची नवी प्रत काढली सुद्धा. भिंतीवर पुन्हा लावावी, झालं गेलं विसरावं. कागद मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. मग एका मुलीने येऊन तो मागितला, त्याच्या मागच्या बाजूवर एक घोडा की खुर्ची असं काहीतरी काढलं, आणि घेऊन गेली.

दुसऱ्या आठवड्यात कधीतरी गोंगाटाचा पोत बदलला. कसा, ते बाईंना सांगता आलं नसतं. आरडाओरडा गेला आणि त्याच्या जागी एक गुणगुण आली, दूध तापायच्या आधी भांड्यात येते तशी. डोळे मिटून ऐकलं की त्यातून एकेक आवाज सुटा करता यायचा: ठोकळ्यावर ठोकळा, नळाची धार, कोणीतरी बाहुलीला रागावतंय, आणि मधूनच ताईचं हसणं. ताईला हसताना आधी कोणी ऐकलं नव्हतं; ती नाकातून हसायची, घोड्यासारखी, आणि लाजायची. एके दिवशी ती मातीच्या परातीशी शिडीबरोबर बसलेली होती, आणि शिडी तिला ढोपरावरची खपली दाखवून ती कशी पडली त्याची गोष्ट सांगत होती. गोष्टीत आधी सायकल होती, मग सायकलीवर काका आला, मग काकाला कुत्रं चावलं, मग ते कुत्रं काकाचंच निघालं. ताई प्रत्येक वळणावर विचारत होती, “मग?” आणि प्रत्येक ‘मग’ला शिडीच्या पोतडीतून नवा माल बाहेर येत होता. नळावरून पाणी वाहत होतं. कोणीतरी ते बंद केलं. मोठ्या माणसाने नव्हे. बाईंच्या मांडीवर पत्रक होतं, कानात यंत्र होतं, ते वाजत होतं, आणि त्या ‘बो’, ‘बो’, ‘बो’ लिहीत होत्या. मग त्यांना दिसेनासं झालं, म्हणून त्यांनी चष्मा पुसला. पुसूनही दिसेना.

सगळं काही साजूक तुपातलं झालं असं नाही. एक पालक ओरडून गेले, आमचं पोर इथे मातीत खेळायला पाठवतो काय. फेरनिरीक्षणाला दुसऱ्या पर्यवेक्षिका आल्या, त्यांनी नव्वदात अकरा ‘व’ मोजले नि शेरा मारला, ‘स्वच्छता असमाधानकारक’. श्रेणी मात्र ‘अ’च्या खालोखालची आली आणि ताईचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत राहिलं. मॅडमनी आणखी तीन केंद्रांना तोंडी परवानगी दिली. उरलेल्या तीनशे आठ भिंतींवर तो कागद होता तसाच राहिला. दाराच्या माणसाचं पद मागणारा प्रस्ताव बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहून वर पाठवला, आणि तो वर जाऊन कुठल्यातरी टेबलावर आपल्या पाळीची प्रतीक्षा करत बसला. निवृत्ती झाली. निरोपसमारंभात ते वाक्य कोणीतरी बोललंच, एकही मूल हरवलं नाही, आणि टाळ्या वाजल्या. बाईंनी उत्तराच्या भाषणात त्या मुलीची गोष्ट सांगितली, अगदी शेवटपर्यंत, उजवा हात वर करून. टाळ्या वाजल्या नाहीत. लोकांना कुठे पाहावं कळेना. नवरा तिसऱ्या रांगेत ताठ बसलेला होता, आणि त्याने एकट्यानेच, जरा उशिरा, मान डोलावली. पुढच्या सोमवारी सकाळी नऊला बाई डबा घेऊन पुन्हा त्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी उठवलंही नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मुलं सुटायला अजून अर्धा तास होता. दाराशी एक आई आली. इस्पितळाच्या धुलाईत काम करायची, पाळी बदलल्याने आज लवकर सुटली होती. तिच्या बोटांची टोकं पाण्याने पांढरी पडलेली होती. तिचा मुलगा, गुबगुबीत, गंभीर चेहऱ्याचा, दाराच्या आतच, नळाजवळच्या बादलीपाशी उकिडवा बसून दगड धूत होता. एक दगड उचलायचा, पाण्यात बुडवायचा, अंगठ्याने घासायचा, उन्हाकडे धरून बघायचा, मग फरशीवर ओळीने नव्हे, कुठेतरी, त्याच्या मनाला पटेल तिथे ठेवायचा.

“चल रे,” आई म्हणाली. “लवकर. उशीर होतोय.”

“थांब ना,” तो मान वर न करता म्हणाला. “चार राहिलेत.”

आईने बाईंकडे पाहिलं. आता बाई त्याला दटावतील, हाताला धरून उठवतील, आणि मग आपण निघू, अशी तिची खात्री असावी. बाई बाकावर थोड्या पलीकडे सरकल्या. “बसा,” त्या म्हणाल्या.

“किती वेळ लागेल?”

“काही सांगता येत नाही.”

ती क्षणभर घुटमळली. मग तिने पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, आणि बाकावर टेकली. “सकाळपासून उभीच आहे,” ती स्वतःशीच म्हणाली आणि पाय लांब केले. उन्हाची तिरीप तिच्या पांढऱ्या बोटांवर आली. दोघी पाहत राहिल्या. पोराने एक दगड धुतला, एक धुतला, आणखी एक धुतला, आणखी एक. चार झाले. तो थांबला नाही. पाचवा झाला, सहावा झाला. चार म्हणजे नेमके किती, हे त्याचं अजून ठरायचं होतं. त्याने सातवा दगड उचलून पाण्यात बुडवला.